दोरखंड अभ्यास मंडळाची पहिली आणि शेवटची सहल

या, अशा जवळ या. तिकडे दाराशी रेंगाळणाऱ्यांनीही आत या आणि थोडं दाटीवाटीनं बसा. सांगायची आहे ती एका दोराची गोष्ट, आणि दोराची गोष्ट लांबून ऐकली की सैल पडते. हिच्यात जुनं बंदर आहे, समुद्र आहे, सरकारी शिक्के आहेत, आणि एक माणूस बुडायलाही निघतो. तो बुडत नाही, हे आधीच सांगून टाकतो; उगाच तुमच्या जिवाला घोर कशाला? देव दयाळू आहे, आणि पाणी छातीइतकंच होतं.

तर आमचे अर्जकाका. हे नाव इमारतीनं ठेवलेलं. नगरपालिकेच्या पाणीखात्यात मुख्य कारकून म्हणून ते निवृत्त झाले, पण खातं सुटलं तरी खातेपण सुटलं नाही. त्यांची ठाम श्रद्धा अशी, की न होणारं काम या जगात नाही. असतो तो चुकीच्या खिडकीवर दिलेला अर्ज. एकदा घरातला पंखा बंद पडला. काकूंनी विजेवाल्याला बोलावलं. तो शिडीवर चढायच्या आत अर्जकाकांनी त्याच्याकडून तक्रार मिळाल्याची पोच सहीनिशी घेतली. पंखा दुरुस्त व्हायला दहा मिनिटं लागली आणि पोच लिहायला पंचवीस. "पण कागद आहे!" असं ते आजही पंख्याखाली बसून सांगतात.

त्यांच्या घरी त्यांची आत्या राहायची. वय शहात्तर, बोलणं मोजकं आणि हात असे, की तिनं लोणच्याच्या बरणीचं झाकण लावलं तर ते काढायला तिलाच बोलवावं लागे. गावामागच्या दोरखंडाच्या कारखान्यात तिनं एकतीस वर्षं काम केलं होतं. जहाजं धक्क्याला बांधायचे मनगटाएवढे जाड दोर तिथं तयार होत. दोराच्या टोकाला जी मोठी कडी असते ना, जी धक्क्यावरच्या लोखंडी खुंटात अडकवतात, ती करणं हे आत्याचं काम. पीळ उलगडायचा, पेड सुटे करायचे, टोक वळवून ते पेड परत दोराच्याच अंगात विणत न्यायचे. त्या कडीला कुणी गाठ म्हटलं की आत्या ताडकन म्हणे, "गाठ नव्हे, वीण! गाठ सुटते."

आता झालं असं, की डोळ्यांच्या डॉक्टरनं आत्याला तपासलं आणि बाहेर येऊन हळूच सांगितलं, "उजवा गेल्यातच जमा आहे. डावा अजून साथ देतोय, पण किती दिवस ते सांगता येत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर बघून घेऊ द्या."

घरी येऊन चहा झाला. अर्जकाकांनी खुर्ची पुढे ओढली आणि वरदान द्यायला आल्यासारखा हात वर केला. "बोल आत्या. काय बघायचंय? मनात ठेवू नकोस."

आत्यानं बशी खाली ठेवली. "माझी एक वीण बघायचीय. कामाला लागलेली."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? एकतीस वर्षं विणल्या. गाडी भरून गेल्या. कुठं गेल्या, लागल्या का नाही, कुणी सांगितलंय मला?"

मग तिनं सांगितलं ते काकूंनीही पहिल्यांदाच ऐकलं. कारखान्याचा नियम असा होता, की विणणाऱ्या प्रत्येक बाईनं आपला एक रंगीत धागा त्या विणीत घालायचा. हिचा निळा, तिचा लाल, आत्याचा हिरवा. शोभेसाठी नव्हे हो! पुढे समुद्रावर एखादी वीण सुटली, तर धागा बघून मुकादमाला कळावं, की कुणाला बोलवून झापायचं.

"मला एकदाही बोलावलं नाही," आत्या म्हणाली. "एकतीस वर्षांत एक तक्रार नाही. म्हणजे एकतर सगळ्या टिकल्या, नाहीतर कुणी लावल्याच नाहीत. कुठेतरी गोदामात उंदरांनी खाल्ल्या. मला कळणार कसं?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अर्जकाकांनी मात्र चष्मा लावला. "त्यात काय!" ते म्हणाले. "एक अर्ज."

बंदराचं शहर चार तासांवर. मोठं जुनं, इतिहासाच्या पुस्तकात एक अख्खा धडा असलेलं. अर्जकाकांनी बंदराच्या कार्यालयाला तीन प्रतींत अर्ज धाडला. 'भेटीचा उद्देश' या रकान्यात त्यांनी सरळ लिहिलं, 'आत्याने विणलेली वीण पाहणे.' तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'अर्जात नमूद केलेला उद्देश (आत्या) विहित यादीत आढळून येत नाही. विहित उद्देश: व्यापार, दुरुस्ती, तपासणी, अभ्यास. पैकी अभ्यासासाठी किमान दहा सभासदांचे मंडळ आवश्यक.'

दुसरा कुणी असता तर चिडला असता. अर्जकाकांनी ते पत्र काकूंना दोनदा वाचून दाखवलं. "काय मसुदा आहे! 'आढळून येत नाही.' नकार दिलाय, पण दार लोटलेलं नाही. असा माणूस आमच्या खात्यात असता तर!"

"अहो, पण आत्याबाईंचं काय?"

"मंडळ काढायचं."

आणि इथून, मंडळी, बादलीभर पाण्याचा पूर सुरू झाला. 'दोरखंड अभ्यास मंडळ' स्थापन होतंय ही बातमी जिन्यात पोचली तेव्हा ती दोराची राहिली नव्हती, सहलीची झाली होती. कारण त्या बंदरापासून तीन कोसांवर एक प्रसिद्ध चौपाटी होती, रंगीत छत्र्या आणि आरामखुर्च्यांची. दोराचा अभ्यास कुणाला करायचा नव्हता. डुंबायचं सगळ्यांना होतं.

सर्वांत आधी आले वरच्या मजल्यावरचे शिंपीमास्तर. "मी सभासद. चौपाटीवर किती वाजता पोचायचं?"

"मास्तर, हा अभ्यास आहे."

"करू की! ओल्या अंगानं अभ्यास जास्त लक्षात राहतो."

त्यांच्यामागून तळमजल्यावरच्या बाई, म्हणजे इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना बंदराचे बुरूज बघायचे होते, आणि इतरांना दाखवायचेही होते, जे अधिक धोक्याचं. मग समोरचं नवं जोडपं. त्यांना कुठेही जायचं होतं, फक्त मागच्या सीटवर बसून. शेवटी रेडिओ दुरुस्त करणारे शेजारी आपल्या दोन मेहुण्यांसह. त्यांना कमी ऐकू येई. जगातला आवाज नीट करता करता त्यांचे स्वतःचे कान गेले होते. त्यांना आपण कशाचे सभासद झालो हे शेवटपर्यंत कळलं नाही. अर्जकाका, काकू आणि आत्या धरून मोजून दहा.

सल्ल्यांना तर तोटाच नव्हता. पत्राच्या माथ्यावर चित्र हवं, असं मास्तर म्हणाले. रबरी शिक्का हवा, असं नव्या जोडप्यातला नवरा म्हणाला, म्हणून 'अध्यक्ष' असा शिक्का झाला. पण अर्जकाकांच्या मनाला एक काटा टोचत राहिला. कागदावर 'अभ्यास' लिहिलं होतं, आणि कागदावर खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग मार्ग एकच उरला: लिहिलेलं खरं करायचं. त्यांनी तीन अभ्यासवर्ग ठरवले. गच्चीवर, संध्याकाळी पाच वाजता, उपस्थिती सक्तीची.

आत्या शिकवायला बसली. सगळ्यांनी आपापल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडून आणल्या. आत्यानं प्रत्येकाला एकेक रंगीत धागा दिला. पेड सोडवायचे, खालून घ्यायचे, वरून काढायचे.

"असे पाच फेरे नियमाचे," आत्या म्हणाली, "आणि सहावा आपल्या मनाचा."

अर्जकाकांची पेन्सिल थांबली. "नियमात पाच असताना सहावा कशाला?"

"नियम लिहिणारा काही दोराला लटकलेला नसतो, बाळा."

अर्जकाकांनी हे इतिवृत्तात घेतलं नाही. नियमाविरुद्ध असलेलं इतिवृत्तात घेऊ नये असा नियम आहे.

वर्गाचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळीच लागला. शिंपीमास्तरांची वीण सुटली आणि ओल्या चादरींसकट त्यांची दोरी खालच्या मजल्यावर, रेडिओवाल्यांच्या चहावर उतरली. आत्यानं जाऊन धागा पाहिला. पिवळा. "मास्तर!" तिनं जिन्यातून हाक दिली, "किती फेरे मारले?"

"तीन, आत्याबाई. घाई होती."

"सुईचा माणूस तो, त्याला टाका कळतो, ताण कळत नाही," आत्या म्हणाली. मास्तरांना हे फार लागलं. पण ते घाईत होते हे खरं, कारण चौपाटीसाठी ते स्वतःच्या हातानं स्वतःचा पोहण्याचा पोशाख शिवत होते. त्याविषयी पुढे येईलच. असा पोशाख गोष्टीत एकदा आला की परत आल्याशिवाय राहत नाही.

परवानगी आली. दहा माणसं, सकाळी अकरा ते एक, अध्यक्षांच्या जबाबदारीवर. पहाटे गाडी निघाली. अर्जकाका पुढे, मांडीवर फाइल. त्यांच्या शेजारी आत्या, नवी साडी, पिशवीत हिरव्या धाग्याचं रीळ. "कशाला घेतलंस?" असं काकूंनी विचारलं तर म्हणाली, "ओळख पटवायला. पन्नास हिरवे असतात, माझा कोणता ते जुळवून बघावं लागेल."

चार तासांच्या वाटेत ती एवढंच बोलली.

बंदराचं शहर पाहून मात्र सगळ्यांच्या माना वर झाल्या. समुद्राच्या अंगानं काळ्या दगडाची भिंत, तिच्यात हत्ती जाईल असा दरवाजा, आत वळणावळणाच्या फरसबंद गल्ल्या, दोन्ही हातांना जुनी गोदामं, त्यांच्या लाकडी सज्ज्यांवर आता कपडे वाळत होते. ("गाठी मारल्यात," आत्या वर बघून म्हणाली.) मोडकी छत्री घेतलेला एक वाटाड्या आपण होऊन पुढे चालू लागला. प्रत्येक दगडाशी थांबून तो म्हणे, "इथं राजा पडला." चौथ्या दगडाशी बाईंनी त्याला अडवलं. "एकच राजा किती वेळा पडतो हो?" तो शांतपणे म्हणाला, "बाई, जुनं शहर आहे. फरशी निसरडी आहे." बाई आणि वाटाड्या यांचं तिथं जे जुंपलं, त्यात साडेदहा वाजले, आणि त्या गडबडीत मंडळाचा एक सभासद नाहीसा झाला.

बंदराच्या फाटकावर पहारेकऱ्यानं बोट नाचवत मोजलं. "नऊ."

अर्जकाकांनी मोजलं. नऊ. बाई वाटाड्याशी भांडत असताना कुणीतरी त्यांच्या हातात एक चिठ्ठी कोंबली होती, ती त्यांनी आता उघडली. 'पाणी उतरायच्या आत डुंबून घेतो. चौपाटीवर भेटू. अभ्यास माझ्या वतीनं करावा. आपला, मास्तर.'

पहारेकऱ्यानं खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीमागे एक कारकून बसला होता. बाह्या मनगटापर्यंत बंद, कानावर पेन्सिल, समोर शिक्क्यांचं झाड. अर्जकाकांनी एका नजरेत ओळखलं. हाच तो. 'आढळून येत नाही' लिहिणारा.

"नऊ आहेत," कारकून म्हणाला.

"एक सभासद अपरिहार्य कारणानं..."

"नऊ माणसं म्हणजे मंडळ नव्हे. नऊ माणसं म्हणजे कुटुंब. कुटुंबाला प्रवेश नाही."

पस्तीस वर्षं खिडकीच्या आत बसलेला माणूस आज बाहेर उभा होता, आणि आतून येणारं वाक्य त्याच्याच तोंडचं होतं. अर्जकाकांचे कान लाल झाले. एका बाजूला मान म्हणत होता, भांड. दुसऱ्या बाजूला आत्या फाटकाच्या गजांतून आत बघत होती, डावा डोळा बारीक करून, जहाजांच्या डोलकाठ्यांकडे.

"पाच मिनिटं द्या," अर्जकाका म्हणाले. "तातडीची सर्वसाधारण सभा आहे."

सभा गाडीच्या सावलीत भरली. ठराव क्रमांक एक: गाडीच्या ड्रायव्हरला मंडळाचं सभासदत्व द्यावं. सूचक बाई. अनुमोदक म्हणून रेडिओवाल्यांचा हात वर झाला. ते खरं तर ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून आड धरत होते, पण वर झालेला हात परत घेता येत नाही. ड्रायव्हर चाकाला पाठ टेकून केळं खात होता.

"मला काय करावं लागेल?"

"दोरखंडाचा अभ्यास."

"वीस वर्षं टपावरचं सामान बांधतोय साहेब. आणखी काय अभ्यास?"

ठराव लिहिला, सह्या झाल्या, शिक्का बसला. खिडकीमागच्या कारकुनानं तो दोनदा वाचला. सूचक पाहिला, अनुमोदक पाहिला, तारीख पाहिली. मग चष्म्यावरून अर्जकाकांकडे बघत तो हळूच म्हणाला, "कोणत्या खात्यात होता आपण?"

"पाणी."

"वाटलंच." आणि त्यानं शिक्का मारला. दोन मल्ल कुस्ती संपल्यावर पाठ थोपटतात ना, तसा तो आवाज आला. अर्जकाका आत शिरले ते राजासारखे. न पडणाऱ्या राजासारखे.

आत धक्क्यावर जहाजं ओळीनं उभी. केवढाली! इमारतीच्या इमारती, आणि त्यांच्या पोटातून सुटलेले दोर लोखंडी खुंटांना ताणून बांधलेले. आत्या भराभरा पुढे गेली. शहात्तरीची बाई, पण सगळे मागे पडले. पहिल्या खुंटाशी ती वाकली, हात लावला आणि हात मागे घेतला. दोर निळा होता. गुळगुळीत, चकचकीत, प्लास्टिकच्या बादलीसारखा. दुसऱ्या खुंटाशी पिवळा. तिसऱ्याशी परत निळा. चौदा जहाजं होती. आत्यानं चौदाही दोरांना हात लावला.

एक खलाशी पेटीवर बसला होता. त्याला अर्जकाकांनी परवानगीचं पत्र दाखवलं. त्यानं ते बाजूला केलं आणि आत्याकडे बघितलं. "काय शोधताय आजी?"

"वाखाचे दोर असायचे. टोकाला विणलेले."

"ते केव्हाच गेले. सात-आठ वर्षं झाली. आता सगळं नायलॉन."

आत्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "चांगले होते का रे ते?"

खलाशानं डोकं खाजवलं. माणूस खोटं बोलणारा नव्हता. "काय सांगू? तुटलेला दोर लक्षात राहतो, आजी. न तुटलेला कुणाला आठवतो?"

आत्यानं मान हलवली. पिशवीतलं रीळ बाहेर आलं नाही. "चला," ती म्हणाली, "मास्तर एकटा असेल तिकडे."

अर्जकाका जागीच उभे राहिले. त्यांच्या हातात रीतसर परवानगी होती, दहा नावं होती, शिक्के होते, आणि जे बघायचं तेच नव्हतं. याच्यासाठी कुठल्या खिडकीवर जायचं? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खिडकी सुचेना. तीन कोसांच्या वाटेत त्यांनी फाइल उघडली नाही. काकूंनी आत्याचा हात हातात घेतला होता. आत्या म्हणाली, "अगं, मला काही झालं नाही. बघितला ना समुद्र? मोठा आहे."

चौपाटी मात्र ऐन रंगात होती. रंगीत छत्र्या, ओळीनं हॉटेलं, बाजा वाजवणारा एक म्हातारा आणि उंच खुर्चीवर शिटी घेऊन बसलेला किनाऱ्याचा रखवालदार. त्याच्या खुर्चीपासून थेट पाण्यात एक जाड दोर गेला होता. त्याची एक बाजू वाळूतल्या खुंटाला, दुसरी पाण्यात रोवलेल्या खांबाला. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी तो धरून लाटा अंगावर घ्यायच्या. पाटीवर लिहिलं होतं, 'दोर सोडू नये.'

दोर सोडलेला माणूस लगेच दिसला. शिंपीमास्तर. त्यांचा पोशाख आता वर्णन करायलाच हवा. काळं जाड कापड, आतून अस्तर, आणि सवयीनं शिवलेले चार खिसे. खिसा नसलेला कपडा मास्तरांच्या हातून आजवर बाहेर पडला नव्हता. कोरडा होता तोवर तो पोशाख ऐटबाज होता. पण चारही खिशांत समुद्र शिरला, अस्तरात शिरला, आणि मास्तर हळूहळू फुगून एखाद्या गादीसारखे खोल पाण्याकडे निघाले. पाय टेकत नव्हते. "अध्यक्ष!" ते ओरडले. "अहो अध्यक्ष!"

रखवालदार त्याच वेळी दुसऱ्या टोकाला एका पोराला झापायला गेला होता. अर्जकाकांनी क्षणभरही विचार केला नाही, आणि हे त्यांच्या आयुष्यात दुसऱ्यांदा घडलं. पहिल्यांदा लग्नाला होकार देताना. दहा माणसं अध्यक्षांच्या जबाबदारीवर, असं परवानगीत लिहिलं होतं. मास्तर यादीत होते. अर्जकाका बूट, पँट, फाइल यांच्यासह पाण्यात शिरले. पाणी छातीला लागलं, तेवढ्यात एक लाट आली आणि फाइल घेऊन गेली. दुसरी आली ती त्यांनाच न्यायला. त्यांनी डाव्या हातानं दोर धरला आणि उजव्या हातानं मास्तरांचा खिसा. शिवण पक्की होती. मास्तरांचा टाका काही कच्चा नव्हे. पण पाणी ओढत होतं. पाठोपाठ ड्रायव्हर आला, त्यानं अर्जकाकांचा पट्टा धरला. रेडिओवाले आले, कुणी 'थांबा' ओरडत होतं ते त्यांना ऐकू आलं नाही. नवं जोडपं आलं. बघता बघता अर्धं मंडळ दोराला लोंबकळू लागलं, आणि दोर ताणून तारेसारखा वाजू लागला.

"तुटेल हो!" रेडिओवाल्यांच्या मेहुण्या किनाऱ्यावरून ओरडल्या.

आत्या वाळूतल्या खुंटापाशी होती. सगळ्यांचा भार तिथं, त्या कडीवर येत होता. ती गुडघ्यांवर बसली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, ऊन समोरून होतं. तिनं दोन्ही हात कडीवर ठेवले. बोटं विणीवरून सरकत गेली. एक, दोन, तीन. पेड खालून, पेड वरून. चार. पाच. बोटं थांबली. पुढे सरकली.

सहा.

"बाई!" तिनं हाक मारली, आणि तिचा आवाज काही वेगळाच झाला होता. "इथं बघा. आत, पेडाच्या खाली. कुठला धागा आहे?"

बाई वाकल्या. नखानं पेड सारला. "आत्याबाई..." इतिहासाच्या बाई त्या, पुरावा त्यांनी दोनदा तपासला. "हिरवा. हिरवा आहे हो!"

आत्या उभी राहिली. तिनं पदर खोचला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि एकतीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटावरून बोललेल्या आवाजात समुद्राकडे तोंड करून ओरडली, "अरे बाळा! घाबरू नकोस! धरून राहा! माझी आहे ती! सुटायची नाही!"

अर्जकाकांच्या तोंडात पाणी होतं, एका हातात मास्तर होते, बूट वाहून गेले होते. पण ते ऐकल्यावर, नंतर ते सांगत, त्यांना गादीवर बसल्यासारखं वाटलं. त्यांनी दोर धरून ठेवला. रखवालदार शिटी वाजवत धावत आला, आणि मग एकामागून एक सगळं दोरखंड अभ्यास मंडळ दोर धरून किनाऱ्याला लागलं. सर्वांत शेवटी मास्तर. त्यांना उलटं धरल्यावर खिशांतून तीन मासे निघाले.

"दोर कुठला हा?" अर्जकाकांनी दम खात पहिला प्रश्न विचारला.

"बंदरावरचं जुनं गोदाम रिकामं केलं, तेव्हा उचलून आणला," रखवालदार म्हणाला. "सहा वर्षं झाली. रोज संध्याकाळी काढतो, गोड्या पाण्यानं धुतो, वाळवून आत ठेवतो. मोसमात रोज शंभर-दोनशे माणसं धरतात. कधी सुटला नाही. कुणी केलाय म्हणून विचार नाही केला कधी. सुटला असता तर केला असता."

"मी," आत्या म्हणाली.

रखवालदारानं तिच्याकडे बघितलं, मग दोराकडे, मग परत तिच्याकडे. आणि तो माणूस, जो सकाळपासून फक्त शिटी वाजवत होता, त्यानं आपली टोपी काढली.

आत्यानं पिशवीतलं रीळ काढून धागा जुळवला. समुद्रानं विणीतला धागा फिका केला होता, पण हिरवा तो हिरवाच. मग ती खुंटाशी बसली. चहा आला तरी उठली नाही. पोरंबाळं येत होती, दोर धरत होती, लाट आली की किंचाळत होती, आणि कडी प्रत्येक वेळी एवढीशी ताणली जाऊन परत बसत होती. आत्याचा हात तिच्यावर होता. "लागली," ती अधूनमधून म्हणे. "ही बघ, परत लागली."

अर्जकाका मात्र बाजूला, ओल्या पँटनं, एका आरामखुर्चीच्या कडेवर बसून काहीतरी लिहीत होते. फाइल गेली होती, पण काकूंच्या पर्समध्ये मंडळाचा एक कोरा कागद निघाला, आणि शिक्का त्यांच्या खिशात होता. कागद झाल्यावर ते आत्यासमोर येऊन उभे राहिले, अनवाणी, केसांत वाळू, आणि त्यांनी तो वाचला.

"विषय: तक्रार नसल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते, की आपण विणलेली वीण आज दुपारी साडेतीन वाजता निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः लोंबकळून तपासली. तीत कोणताही दोष आढळून येत नाही. तसेच..." इथं त्यांनी चष्मा काढून पुसला. खारं पाणी गेलं असणार. "तसेच, नियमात नसलेला सहावा फेरा नियमित करण्यात येत आहे. हे पत्र पाठविण्यास एकतीस वर्षे विलंब झाला, त्याबद्दल क्षमस्व."

खाली सही, आणि शिक्का. शाई ओली, अध्यक्षाचा फक्त 'अध्य' उमटला.

आत्यानं कागद हातात घेतला. वाचता येण्यासारखा डोळा नव्हता, म्हणून बोटं फिरवली. मग घडी केली आणि पोलक्यात ठेवली.

"पोच नको का तुला?" तिनं विचारलं.

अर्जकाकांनी कपाळावर हात मारला. आयुष्यात पहिल्यांदाच ते पोच घ्यायला विसरले होते. आत्यानं रिळाचा वीतभर हिरवा धागा तोडला, त्यांचं ओलं मनगट ओढून घेतलं आणि त्याच्याभोवती गुंडाळला. किती वेढे घेतले ते काकूंनी मोजले. मी सांगायला नको.

तर मंडळी, मंडळ तिथंच विसर्जित झालं, ठराव क्रमांक दोन, एकमतानं. रेडिओवाल्यांचा हातही वर होता. मास्तरांनी पोशाखाचे खिसे उसवले. आत्याचा डावा डोळा पुढल्या वर्षी मिटला, पण त्याच्या आत ती वीण होती, ताणली जाणारी आणि परत बसणारी. आता उठाल, घरी जाल. जाताना जिन्याच्या कठड्याला हात लागेल, दाराची कडी लागेल, दोरीवरचा कपडा काढाल. यातलं काही तुटलं नाही तर कुणाची आठवण यायचं कारण नाही, म्हणूनच सांगतो: घटकाभर थांबा आणि तिची आठवण काढा. सहावा फेरा मारणारीची.